अंडाशयाला पंचांग वाचता येत नाही

मूल होत नाही ही तक्रार घेऊन माझ्याकडे उभ्या आयुष्यात सासवाच आल्या. सून बरोबर असायची, हातात पिशवी असते तशी. नाव सासू सांगायची, वय सासू सांगायची, पाळी कधी आली तेही सासूच सांगायची, आणि इतक्या खात्रीनं की नक्की कुणाला तपासायचं असा मला प्रश्न पडावा. नवरा कुठे आहे, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "त्याचं काय काम?" त्याचं काय काम, हे पटवून देण्यात माझी सगळी प्रॅक्टिस गेली.

संपादकांचा आग्रह आहे की दिवाळी अंकासाठी मी काहीतरी प्रेरणादायी लिहावं. दवाखाना बंद केल्यापासून मला प्रेरणा फक्त दुपारी झोपायची होते. तेव्हा प्रेरणेचं दुसऱ्या लेखकांकडे बघावं, मी आपली माझ्या धंद्यातली गंमत सांगते. तिला गंमत म्हणायचं की काय, ते वाचून ठरवा.

पेणला माझा दवाखाना होता आणि आठवड्यातून दोन दिवस मी रोह्याला बसायची. बाळंतपणं तर सगळेच करतात, पण मूल न होणाऱ्या बायकांवर उपचार करणारी म्हणून माझं नाव झालं होतं. आमचं काम सांगायला सोपं आहे. बाईच्या पोटात दोन अंडाशयं असतात. दर महिन्याला त्यातल्या एकात पाण्याची एक बारीक पिशवी वाढते, तिच्यात बीज पिकतं आणि पिकलं की पिशवी फुटून बीज बाहेर पडतं. काही बायकांचं गाडं इथेच अडतं. पिशव्या धरतात, पण एकही पिकत नाही. अशा अंडाशयाला आधी गोळ्यांनी ढोसायचं, गोळ्यांना दाद दिली नाही तर इंजेक्शनं द्यायची आणि दिवसाआड सोनोग्राफी करून बघत बसायचं. पिशवी वालाच्या दाण्याएवढी झाली की धीर धरायचा, बोराएवढी झाली की ती फोडायचं शेवटचं इंजेक्शन द्यायचं. मग बीज बाहेर येतं आणि जेमतेम एक दिवस जगतं. तेवढ्यात नवऱ्यानं आपलं काम करायचं असतं. सगळ्या उपचारात त्याच्या वाट्याला एवढंच येतं, आणि नेमकं तेवढंच चुकतं.

यातला धोकाही सांगून ठेवते. काही अंडाशयं आधी हूं की चूं करत नाहीत आणि मग एकदम उतू जातात. एकाच्या जागी डझनभर पिशव्या वाढतात, पोटात पाणी होतं, बाईच्या जिवावर बेतू शकतं. अशा वेळी शहाण्या डॉक्टरनं फोडायचं इंजेक्शन फ्रिजातच ठेवायचं असतं. पण आत्ता तर एवढं पीक आलं आणि आत्ताच डॉक्टरीण हात आखडते, हे कुठल्या सासूला पटायचं? माझ्याकडे सोनोग्राफीचं मशीन आलं तेव्हा सासवा आत घुसून पडद्याकडे बघायच्या आणि विचारायच्या, मुलगा दिसतो का. बीज अजून पिकायचं असायचं. मी म्हणायची, मावशी, पेरणी व्हायची आहे आणि तुम्ही भाताचा भाव विचारताय.

रोह्याचे नवरे दोन प्रकारचे. एक कंपनीतले आणि दुसरे आखातातले. कंपनीतल्यांचं शिफ्टचं त्रांगडं. ज्या दिवशी बायकोचं बीज सुटणार, त्याच दिवशी याची नाईट. शेवटी मी सुपरवायझरच्या नावानं चिठ्ठी देऊ लागले की वैद्यकीय कारणास्तव यांना दोन दिवस नाईट शिफ्ट देऊ नये. कारण मी कधीच लिहिलं नाही, पण ते सगळ्या कंपनीला कळलं आणि चिठ्ठीवाल्याला गेटवर टाळ्या पडायला लागल्या. एका गृहस्थांनी तर मूल झाल्यावरही दर महिन्याला चिठ्ठी मागितली. त्यांना मी सरळ रजेचा अर्ज करायला सांगितलं.

आखातातल्यांना टाळ्या मारायला कुणी नव्हतं, पण वेळेचं मोल त्यांनाच कळायचं. जमिला नावाची एक मुलगी माझ्याकडे यायची. तिचा नवरा शकील दुबईला, दोन वर्षांतून एकदा रजेवर येणारा. तिची सासू मात्र लाखात एक. तिनं बूथवरून फोन करून सांगितलं, "डॉक्टरनी, शकीलचं तिकीट झालं, आता तुम्ही सुया चालू करा." त्याची रजा आणि हिची पाळी यांची गाठ घालायला मी आधी गोळ्या देऊन पाळी पुढे ढकलली, मग इंजेक्शनं सुरू केली. शकील विमानतळावरून थेट माझ्या दवाखान्यात आला, बॅगा खाली ठेवल्या आणि म्हणाला, सांगा, माझं काय काम. एवढा सरळ प्रश्न मला कुठल्याही नवऱ्यानं त्याआधी विचारला नव्हता. त्यांच्या मुलाला आता मिसरूड फुटलं आहे.

समुद्र ओलांडून माणूस वेळेवर पोचत होता. आणि त्याच वर्षी माझ्याकडे कासूच्या हिराबाई आपल्या सुनेला घेऊन आल्या. कासूहून पेण म्हणजे काही दुबई नव्हे.

हिराबाई म्हणजे खणखणीत आवाजाची बाई, आल्या आल्या बाकावरच्या सगळ्यांची चौकशी करून मोकळी होणारी. सून सुगंधा, शेलाटी आणि गप्प. मुलगा महादेव पेणला गणपतीच्या कारखान्यात आखणीला, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवायला. मूर्ती कुणीही साच्यातून काढील, पण आखणी करणारे मोजकेच, आणि महादेवचा हात त्यात नावाजलेला. लग्नाला चार वर्षं झाली होती. हिराबाईंनी सुनेच्या तोंडावरच मला सांगून टाकलं, "औंदा दसऱ्यापतूर बगते, डॉक्टरीणबाई. नायतर माज्या बहिनीची पोरगी तयारच हाय." सुगंधा तेव्हा माझ्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होती. कुणी आपल्या घरातून आपल्याला काढायची तारीख सांगत असताना इतकं शांत बसलेलं माणूस मी फार कमी पाहिलं आहे.

माझा नियम होता की आधी नवऱ्याची तपासणी आणि मगच बायकोला हात. त्यावरून हिराबाईंशी माझी पहिली चकमक झाली, पण शेवटी फाल्गुनात महादेव आला. दाढी वाढलेला, मान खाली, बोटांना रंग. सिस्टरनं बाटली हातात दिली, त्यानं निमूटपणे नमुना दिला, तो उत्तम निघाला. "चांगलं आहे हो तुमचं," असं सिस्टरनं सांगितल्यावर त्यानं देवाला करतात तसा सिस्टरला नमस्कार केला आणि निघून गेला. मग सुगंधाच्या तपासण्या झाल्या. नळ्या मोकळ्या, फक्त बीज पिकत नव्हतं. अगदी पुस्तकातली केस. वैशाखात मी गोळ्या चालू केल्या आणि हिराबाईंना सांगितलं की काळजी करू नका.

गोळ्यांनी काही झालं नाही. ज्येष्ठात इंजेक्शनं सुरू केली. सुगंधा सासूबरोबर कासूहून यायची, दंडावर एकदा आणि कमरेवर एकदा टोचून घ्यायची आणि परत जायची. औषध कामाला आलं. एक पिशवी झकास बोराएवढी झाली, मी फोडायचं इंजेक्शन दिलं आणि हे दोन दिवस वाया जाऊ देऊ नका, असं बजावलं. पुढच्या वेळी विचारलं, सांगितल्याप्रमाणे झालं ना? सुगंधा तोंड उघडायच्या आत हिराबाई म्हणाल्या, "व्हय व्हय, सगळं बराब्बर केलं." पाळी मात्र आली. आषाढात पुन्हा तेच. पिशवी झकास, इंजेक्शन वेळेवर, हिराबाईंचं व्हय व्हय, आणि पाळी. बाकावरच्या बायका आता हिराबाईंना सहानुभूती दाखवू लागल्या होत्या. सुगंधाला दाखवावी असं कुणालाच सुचलं नाही. बहिणीची पोरगी एकदा दवाखान्यापर्यंत येऊनही गेली, सहज, पेणला बाजाराला आली होती म्हणून.

घोडं कुठे पेंड खातंय ते मला कळेना. श्रावणात मी औषधाची मात्रा जराशी वाढवली आणि सुगंधाचं अंडाशय उतू गेलं. सोनोग्राफीच्या पडद्यावर द्राक्षाचा घड लटकावा तशा पिशव्या. पोट ताठ झालेलं. मी तिथेच ठरवलं की या महिन्यात फोडायचं इंजेक्शन नाही. हिराबाई खवळल्या. झाड फळांनी लगडलं आणि डॉक्टरीण म्हणते तोडायचं नाही, असं त्यांनी बाहेर बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. मी त्यांना शहाळं आणायला पिटाळलं. सुनेला शहाळ्याची गरज होती आणि मला शांततेची.

सुगंधा टेबलावर पडून होती. सासू खोलीत नाही अशी ती मला पहिल्यांदाच भेटत होती. मी तिला समजावलं की अंडाशय सुजलंय, जपायला हवं, जड उचलायचं नाही. आणि मुख्य म्हणजे या महिन्यात नवऱ्यापासून लांब राहायचं.

ती हसायला लागली. पोट दुखत होतं म्हणून एका हातानं ते धरलं, आणि तरी हसू थांबेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग नुसतंच पाणी येत राहिलं.

"लांबच हायेत, बाई," ती म्हणाली. "आखाजीपासून लांबच हायेत. आखणीला बसले का त्यांचा नियम असतो. चवथीपतूर बायको नाय, मच्छी नाय. कारखान्यातच झोपतात."

मी खुर्चीवर बसले. अक्षय तृतीयेपासून गणेश चतुर्थीपर्यंत! म्हणजे माझा सगळा उपचार, गोळ्या, सुया, बोरं, द्राक्षं, सगळा त्या नियमाच्या पोटात बसला होता. मी तिला विचारलं की बाई गं, एवढ्या सुया घेतल्यास, मला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली की सांगायला आई कधी बाहेर गेल्याच नाहीत. आणि नवऱ्याला? "त्यांना सांगितलं की. ते म्हणाले, डॉक्टरीणबाई करतायत ना, मग कशाला काळजी." सुया घेणार नाही असं म्हटलं असतं तर दसऱ्याचीही वाट कुणी पाहिली नसती, म्हणून ती आपली घेत राहिली.

त्या दुपारी ओपीडी संपल्यावर मी तडक कारखान्यात गेले. आजार रेड्याला आणि औषध पखालीला ही म्हण मी लहानपणी पाठ केली होती, पण पखालीच्या अंडाशयाला सूज येईपर्यंत तिचा अर्थ लक्षात आला नव्हता. फळ्यांवर रांगेनं गणपती बसले होते. इतर कारागीर मजेत सुके बोंबील आणि भाकरी खात होते. असा नियम तिथे दुसऱ्या कुणाचाच नव्हता. तो महादेवच्या घरचा होता, बापाकडून आलेला. बापानं तो कसा पाळला आणि महादेव कसा जन्मला, हे विचारायचा मोह मी आवरला. बाप बहुतेक आखाजीच्या आधी जागा झाला असावा.

महादेव कोपऱ्यात बसला होता. हातातला डोळा पुरा होईपर्यंत त्यानं वर पाहिलं नाही. मग उठून त्यानं मला स्टूल पुसून दिलं. मी तापलेलीच होते. म्हटलं, तुमची बायको तीन महिने सुया टोचून घेते आहे आणि तुम्ही इथे झोपता, तुम्हाला मूल हवं आहे की नको?

त्यानं हातातला ब्रश वाटीत ठेवला.

"पन मी दिलं की," तो म्हणाला. "फाल्गुनात. बाटलीत. आखणीला बसायच्या आधीच देऊन टाकलं. सिस्टर म्हनाल्या चांगलं हाय. तेच तुमी फ्रिजात ठेवलंय नि तिला टोचताय ना?"

आपला वाटा त्यानं आगाऊ भरला होता. पुढे डॉक्टरीण आहे, फ्रिज आहे, सुया आहेत, मग आपण निश्चिंत मनानं गणपतीची सेवा करावी, यात त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? हिराबाईंचीही तीच समजूत होती, म्हणून तर ते व्हय व्हय इतकं ठणठणीत यायचं. चौघं माणसं मनापासून एका कामाला लागली होती, आणि ते काम होतं कसं हे त्यातल्या दोघांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मी स्टुलावर बसून सगळं सांगितलं, तिथल्या तिथे, गणपतींच्या साक्षीनं. शेजारचे कारागीर बोंबील खायचे थांबले. महादेवनं ऐकून घेतलं. मग त्यानं विचारलं, "मग तिला टोचत व्हते ते काय व्हतं?"

औषध होतं, मी म्हटलं. तिचं बीज पिकवायचं.

"म्हनजे ते सगळं फुकट गेलं."

"हो."

"दुखत असंल ना तिला," तो म्हणाला. यावर माझा राग उतरला. चार महिन्यांत हा प्रश्न कुणीही विचारला नव्हता, माझ्या दवाखान्यातसुद्धा.

नियम मात्र तो मोडायला तयार नव्हता. हात हलतो म्हणाला, आणि डोळा बिघडला तर घेणाऱ्याच्या घरात बिघडलेला जातो. चतुर्थी झाली की येतो, आईला मी सांगतो, एवढं त्यानं कबूल केलं. आणि खरंच सांगितलं, कारण दुसऱ्याच दिवशी हिराबाई माझ्यासमोर येऊन बसल्या. मला वाटलं, आता तरी सुनेबद्दल चार बरे शब्द निघतील. हिराबाई म्हणाल्या, "मग हिनं सांगायला नको व्हतं?" चोराच्या उलट्या बोंबा म्हणावं तर बाई अगदी मनापासून बोलत होती. मी सुचवलं की मुलाला जरा नियमातून सूट द्या. त्यांनी कानांवर हात ठेवले. "नियम म्हनजे नियम, बाई. मोडाया सांगनारा बी पापात पडतो." हे त्यांनी मला सांगितलं, सिस्टरला सांगितलं आणि जाताना बाकावरच्या झाडून सगळ्या बायकांना सांगितलं.

गणपती आले आणि गेले. सुगंधाचं अंडाशय निवलं होतं. मी नुसत्या गोळ्या आणि अगदी बेतानं इंजेक्शनं दिली आणि देव पावला म्हणावा अशी एकच पिशवी छान वाढली. फक्त ती पिकली पितृपक्षात. अंडाशयाला पंचांग वाचता येत नाही, ही निसर्गाची मोठीच चूक आहे. हिराबाईंनी कपाळाला हात लावला. पितरांच्या पंधरवड्यात असलं काही नको, घटस्थापनेनंतर बघू. घट बसले की नऊ दिवस घरात सोवळं, ते उठले की दसरा. आणि दसऱ्याची तारीख हिराबाई विसरल्या नव्हत्या. सुगंधानं माझ्याकडे पाहिलं. तिला हिशेब माझ्या आधी कळला होता.

त्या दिवशी महादेव बरोबर आला होता. बाकावर बायकांच्या रांगेत एकटा पुरुष, अंग चोरून बसलेला. आईचा आवाज ऐकून तो आत आला. तो मोठ्यानं बोलला नाही, फक्त म्हणाला, "आई, पितरांना पुढं पानी द्यायला कोन नको काय?"

हिराबाई पिशवी उचलून उठल्या. त्याच संध्याकाळी महादेवनं त्यांना त्यांच्या भावाकडे धरमतरला पोचवलं, दोन दिवस विश्रांतीसाठी. शकीलनं समुद्र ओलांडला होता, महादेवनं आई ओलांडली. दोन्हींत जास्त अवघड काय, ते वाचकांनी आपापल्या घरी ठरवावं.

दसऱ्याच्या आधी सुगंधाला दिवस राहिल्याचं कळलं. श्रेयाची वाटणी रीतसर झाली. हिराबाई म्हणाल्या, माझ्या पोराच्या नियमाचं फळ. कारखान्याचा मालक म्हणाला, मूर्तीचा प्रताप. धरमतरच्या मामांनीही स्वतःचा काही वाटा काढला, तो मला नीटसा कळला नाही. मला पेढे मिळाले. बहिणीच्या पोरीचं लग्न दुसरीकडे ठरलं आणि हिराबाईंनीच ते पुढे होऊन लावलं.

ज्येष्ठात माझ्याच दवाखान्यात सुगंधा बाळंत झाली. मुलगी, वजनानं चांगली, आवाज आजीवर गेलेला. महादेवचा आखणीचा हंगाम चालू होता आणि नियमही चालू होता, पण मुलीला मांडीवर घ्यायला नियमाची आडकाठी नव्हती. तो रोज जेवणाच्या सुट्टीत येऊन तिला घेऊन बसायचा. हिराबाईंनी पहिल्या दिवशी पहिली बेटी धनाची पेटी म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून पुढची आखणी सुरू केली.

घरी जायच्या दिवशी त्या माझ्या खोलीत आल्या. मागे मुलीला घेऊन सुगंधा, तिच्या मागे महादेव. हिराबाई म्हणाल्या, आता पुढच्या वर्षी हिला परत घेऊन येते, त्या वेळी तेवढं मुलाचं बघा. सुया आधीपासूनच चालू केल्या तरी चालतील, हिला आता सवय आहे.

सुगंधानं मुलीचं टोपडं सारखं केलं.

"आई, तसं नाय जमायचं," ती म्हणाली. "मी नियम धरलाय."

"कसला गो नियम?"

"ह्यांनी धरला तसाच. पोर शाळंत जाईपतूर."

महादेव खिडकीतून बाहेर बघायला लागला, पण तो हसू लपवत होता हे मला दिसत होतं. हिराबाईंनी सुनेकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं आणि शेवटी मोठ्या आशेनं माझ्याकडे पाहिलं. मी शिकलेली बाई, मी तरी या पोरीला समजावीन अशी त्यांची अपेक्षा होती.

मी म्हटलं, "मी कशी सांगू, हिराबाई? मोडाया सांगणारा बी पापात पडतो."